तबकडी, टेप आणि नोंदवही : प्रस्तावना

ध्वनिमुद्रिकांचा संग्रह म्हणजे आवाजांचा साठा आणि त्या आवाजांविषयीची माहिती. आवाज विकत मिळतो, उसना मिळतो, आता तर फुकटही मिळतो. माहिती मात्र कोणीतरी बसून लिहून ठेवावी लागते. कोण गाते आहे, कोणता राग, कोणती चीज, साथीला कोण, कुठे आणि कधी, हे जिथे लिहिलेले असते तिथे संग्रह असतो. जिथे लिहिलेले नसते तिथे नुसती अडगळ असते, मग त्यात कितीही मौल्यवान गाणे दडलेले असो. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका जमवणे, लावणे आणि जपणे हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याची भूमी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही आहे.

ही भूमी निवडण्याला कारण आहे. गिरगाव, दादर, परळ इथल्या चाळींतून बाहेर पडलेली मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने या पट्ट्यात स्थिरावली. त्यांनी येताना कपाटे आणली, तशी गाण्याची आवडही आणली. दिवसभर नोकरी मुंबईत, त्यामुळे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये डोकावून एखादी एलपी घ्यायची आणि लोकलच्या गर्दीत ती छातीशी धरून घरी आणायची, हा अनेकांचा परिपाठ होता. चोरबाजारातल्या जुन्या तबकड्याही याच मार्गाने इथे आल्या. नौपाडा, चरई, पारनाका, रामनगर, टिळकनगर अशा वस्त्यांत घरगुती बैठका होत आणि त्यांचे ध्वनिमुद्रण करणारा कोणीतरी हौशी माणूस कोपऱ्यात टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला असे. पुस्तकांच्या बाबतीत हा भाग जुना जाणता आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पुस्तकाला क्रमांक द्यावा, विषयवार लावावे, यादी छापावी, ही शिस्त इथे दीडशे वर्षांपासून रुजलेली आहे. घराघरांतल्या गाण्याला ती शिस्त मिळाली नाही.

भारतातल्या ध्वनिमुद्रणाचा व्यापारी इतिहास नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू होतो. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग तिथे उतरले आणि त्यांनी स्थानिक गायिकांचे आवाज मेणाच्या तबकडीवर घेतले. त्यांतल्या पहिल्या नामांकित गायिका गौहरजान. गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारण्याची त्यांची लकब पुढे प्रसिद्ध झाली. त्यामागचे कारण साधे होते. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोवर इथे, आणि तिथल्या कामगारांना गायिका ओळखू यावी म्हणून नाव मुद्रणातच घालावे लागे. म्हणजे नोंदीचा प्रश्न भारतीय ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनचा आहे. गाण्याबरोबर नाव गेले नाही तर गाणे परके होते, हे व्यापाऱ्यांना पहिल्याच वर्षी कळले होते.

लाखेपासून बनवलेली, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी पुढे जवळजवळ सत्तर वर्षे टिकली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. तासभर चालणारा ख्याल त्यात बसवणे ही वेगळीच कला होती. अब्दुल करीम खाँ यांच्या तीसच्या दशकातल्या तबकड्या ऐकल्या की कळते, आलापाची दोन-तीन आवर्तने, थोडी सरगम, एखादी तान आणि समेवर शेवट, इतक्या मोजक्या ऐवजात रागाचे पूर्ण चित्र उभे राहू शकते. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनचे ध्वनिमुद्रण आले. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोर लावावा लागे, आणि म्हणूनच त्या काळच्या तबकड्यांतला आवाज ओरडल्यासारखा वाटतो. तो दोष गायकाचा नव्हे, यंत्राचा. नवख्या श्रोत्याने हे आधी लक्षात घ्यावे.

काही आवाज मात्र या यंत्राच्या हाती लागलेच नाहीत. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांचे गाणे आज ऐकता येत नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचीही तबकडी उपलब्ध नाही. कल्याण गायन समाजाच्या संगीत महोत्सवाचे नाव ‘देवगंधर्व’ आहे, आणि रसिकांनी देवगंधर्व म्हटले ते भास्करबुवांना. ज्या नावाचा उत्सव भरतो तो आवाज कोणाच्याच कपाटात नाही. या दोघांची गायकी कशी होती हे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्तर कृष्णराव अशा शिष्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरून आणि वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’सारख्या पुस्तकांवरून ताडावे लागते. संग्रह किती मोठा आहे यापेक्षा त्यातल्या मोकळ्या जागा कोणत्या, हे ठाऊक असणे अनेकदा अधिक उपयोगाचे ठरते.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस भारतात एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. अमीर खाँ यांचा मारवा आणि दरबारी एकाच एलपीच्या दोन बाजूंवर निघाला. अतिविलंबित लयीतली त्यांची बढत ७८ च्या तबकडीवर कधीच मावली नसती. पण तंत्राची वेळ आणि माणसाचे आयुष्य जुळतेच असे नाही. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, दत्तात्रेय विष्णू पलुस्कर १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यांचा सविस्तर ख्याल ऐकायचा तर एलपीच्या काळातल्या स्टुडिओ-मुद्रणाचा आधार नाही. आकाशवाणीची आणि खाजगी मैफलींची मुद्रणेच शोधावी लागतात. १९५२ पासूनचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनची आकाशवाणी संगीत संमेलने यांमुळे दीर्घ गायनाचा मोठा ठेवा जमला. त्यातला थोडासाच भाग बाजारात आला. बाकीचा रसिकांनी घरच्या रेडिओला टेपरेकॉर्डर जोडून, मध्ये निवेदकाचा आवाज आणि खरखर यांसकट टिपून ठेवला.

इथून घरगुती संग्रहाचा खरा काळ सुरू होतो. आधी आले स्पूल. सात इंची स्पूलवर १२०० फूट फीत असे. सेकंदाला साडेसात इंच वेगाने ती बत्तीस मिनिटे चाले, वेग निम्मा केला की तासाहून थोडी अधिक. फीत महाग, म्हणून बरेच जण कमी वेगावर मुद्रण करीत आणि आवाजाची प्रत त्या प्रमाणात उतरे. नंतर कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात ती इतकी स्वस्त झाली की मैफलीला जाणाऱ्या प्रत्येक दर्दी माणसाच्या पिशवीत दोन कोऱ्या कॅसेट असत. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांनी मैफलींच्या कॅसेट प्रकाशितही केल्या. मोठ्या कंपन्यांच्या यादीत ज्यांना जागा नव्हती अशा गायकांपर्यंत श्रोते पोचले ते यामुळेच.

अशा घरगुती संग्रहात हमखास सापडणारी एक नव्वद मिनिटांची कॅसेट डोळ्यांपुढे आणावी. आतल्या कार्डावर निळ्या शाईत ‘मारुबिहाग, नंतर ठुमरी’ एवढेच लिहिलेले. खाली बारीक अक्षरात ‘बाजू बदलताना थोडे गेले’. गायकाचे नाव नाही, कारण लिहिणाऱ्याला ते लिहिण्याची गरजच वाटली नव्हती. त्याला ते पाठ होते. तारीख नाही, कारण ती मैफल तो कधी विसरेल असे त्याला वाटलेच नाही. चाळीस वर्षांनी कॅसेट मुलांच्या हाती येते तेव्हा अक्षर बाबांचे एवढेच कळते. या क्षेत्रातली बहुतेक हानी अशी होते. फीत शाबूत असते, गाणे शाबूत असते, आणि गाणारा निनावी होऊन बसतो.

संग्राहकांच्या पद्धतींत काही ठळक पंथ दिसतात. एक पंथ कलावंताचा. एकाच गायकाचे किंवा वादकाचे जे जे मिळेल ते सारे जमवायचे. दुसरा रागाचा. गाणारे, शिकणारे आणि शिकवणारे बहुधा याच वाटेने जातात, कारण एक बिहाग दहा जणांकडून ऐकला की रागाचा विस्तार आणि घराण्यांचे वेगळेपण दोन्ही समजते. तिसरा पंथ तबकडी या वस्तूचाच. लेबलचा रंग, मालिका, आवेष्टन, छपाईतले भेद यांत त्यांचा जीव रमतो. बाहेरच्यांना हा छंद कोरडा वाटेल. पण मुद्रणाच्या तारखा ठरवण्याचे काम याच लोकांनी केले आहे. तबकडीच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक हा त्या मुद्रणाचा जन्मदाखला असतो. तीच चीज पुढे एलपीवर, कॅसेटवर, सीडीवर आली, नाव बदलले, रागाचे नाव चुकले, तरी मॅट्रिक्स क्रमांक माहीत असला की मूळ एकच आहे हे सिद्ध करता येते. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर यांनी भारतीय तबकड्यांच्या सूची याच मार्गाने रचल्या. अब्दुल करीम खाँ यांच्यावरचे त्यांचे सूचीसह चरित्र आजही नमुना म्हणून पुढे ठेवावे असे आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने विखुरलेल्या संग्राहकांना एकमेकांशी जोडले. त्या कामातला सुरेश चांदवणकर यांचा वाटा मराठी वाचकांना परिचित आहे. चौथा पंथ खाजगी मैफलींच्या फितींचा. त्यात देवाणघेवाण हाच कायदा असतो आणि विश्वास हेच चलन.

वर्गीकरणाचा प्रश्न मात्र सर्वच पंथांना अडवतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकार हा आधार असतो. लुडविग फॉन क्योखेल यांनी १८६२ मध्ये मोझार्टच्या ६२६ रचनांना क्रमांक दिले आणि कोणीही वाजवले तरी तोच क्रमांक लागू पडतो. ख्यालात असा आधार नाही. बंदिशीचा कर्ता पुष्कळदा अज्ञात असतो, एकच बंदिश दोन घराण्यांत निराळी ऐकू येते, आणि गाणे घडते ते त्या दिवशीच्या बैठकीत. या बाबतीत हिंदुस्थानी संगीताचा जवळचा नातलग जॅझ आहे. तिथेही धून हे निमित्त, खरे महत्त्व त्या दिवशी कोणी कसे वाजवले याला. म्हणून जॅझच्या सूचिकारांनी मुद्रणाची बैठक हा घटक धरला. शार्ल दलोने यांनी १९३६ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीपासून ही शिस्त रूढ झाली. तारीख, ठिकाण, प्रत्येक वादकाचे नाव, त्याचे वाद्य, मॅट्रिक्स क्रमांक आणि त्यावरून निघालेल्या सर्व आवृत्त्या, असा नोंदीचा साचा ठरला.

मुंबईला जॅझ परका नव्हता. शिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ चाळीसच्या दशकात मुंबईत आपला वाद्यवृंद चालवत होते आणि त्यांच्या तबकड्याही निघाल्या. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ च्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात हा इतिहास आला आहे. याच गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभारला, पण चित्रपटाच्या तबकडीवर त्यांची नावे आली नाहीत. शास्त्रीय आणि नाट्यसंगीतातही तीच तऱ्हा होती. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. त्या काळच्या लेबलवर मात्र साथीदारांसाठी ओळच नसे. ज्यांचा हात कानाने ओळखता येतो असे वादक कागदावर नाहीत. जॅझच्या सूचिकारांकडून ख्यालाच्या संग्राहकांनी एकच गोष्ट उचलायची तर ती हीच, की साथीदाराचे नाव नोंदीत असलेच पाहिजे. या पुस्तकातल्या प्रत्येक नमुनानोंदीत ती ओळ आग्रहाने ठेवली आहे.

नोंद अचूक होण्यासाठी कान आणि गणित दोन्ही लागतात. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होत असे नाही. वेगात सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. सुमारे ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजवली तर काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे वाटते, आवाज कोवळा होतो, ताना अकारण चपळ होतात आणि त्यावरून गायकीविषयी काढलेला निष्कर्षही चुकतो. गायकाची नेहमीची पट्टी ठाऊक असेल तर वेग दुरुस्त करता येतो. कमकुवत मोटरच्या टेपरेकॉर्डरवर झालेल्या फितींनाही हेच लागू आहे. म्हणून नोंदीत पट्टी लिहावी.

नावांचाही असाच घोळ होतो. कुठे रामभाऊ कुंदगोळकर, कुठे सवाई गंधर्व, माणूस एकच. संगणकावरच्या यादीत ते दोन वेगळे गायक होतात. यावर उपाय म्हणजे एक प्रमाण नाव ठरवणे आणि बाकीची पर्यायी म्हणून जोडणे. लेबलवर चुकीचे छापलेले नाव किंवा राग खोडू नये. छापील जसेच्या तसे एका रकान्यात आणि दुरुस्त दुसऱ्यात लिहावे, कारण ती चूकच पुढे आवृत्ती ओळखायला उपयोगी पडते.

या सगळ्या अडचणी एकाच कलावंताच्या बाबतीत कशा एकवटतात, हे पाहायला ठाण्याचेच उदाहरण पुरेसे आहे. पंडित राम मराठे (१९२४–१९८९) यांचे वास्तव्य ठाण्यात होते आणि त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ शहरात संगीत महोत्सव भरतो. प्रभातच्या १९३८ च्या ‘गोपाळकृष्ण’मध्ये त्यांनी बालपणी कृष्णाची भूमिका केली. म्हणजे त्यांचा शोध चित्रपटाच्या तबकड्यांपासून सुरू होतो. ‘संगीत मंदारमाला’ हे १९६३ चे नाटक त्यांच्या संगीताने आणि भूमिकेने गाजले, तेव्हा नाट्यगीतांचे दालन आले. ख्यालगायनासाठी आकाशवाणी आणि मैफली. बंदिशींचा साठा प्रचंड, त्यामुळे बंदिशवार सूची हवीच. घराणे कोणते लिहावे? जगन्नाथबुवा पुरोहित, मास्तर कृष्णराव, विलायत हुसेन खाँ अशा अनेकांकडून त्यांनी विद्या घेतली. एका घराण्याच्या फडताळात त्यांना बसवणे म्हणजे त्यांच्या गाण्यावर अन्याय. अशा वेळी घराणे हा वर्ग न धरता गुरूंची नावे वेगवेगळी नोंदवावीत, असे या पुस्तकाचे मत आहे. आणि ते सर्वच कलावंतांना लावावे.

जपणुकीच्या बाबतीत इथली हवा वैरी आहे. ठाण्याला खाडी, कल्याणला उल्हास नदी आणि चार महिने पाऊस. लाखेच्या तबकडीवर बुरशी धरते, फितीला ओल लागते, कॅसेटमधली नमद्याची बारीक गादी गळून पडते. २६ जुलै २००५ च्या पुरात या पट्ट्यातल्या तळमजल्यांत पाणी शिरले, आणि खालच्या कप्प्यांत ठेवलेल्या फिती-तबकड्या अशा पाण्यातून क्वचितच सावरतात. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. त्या जमिनीपासून वर असाव्यात, आणि बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नसाव्यात. टेपडेकचे हेड पुसायला वापरतात तो स्पिरिटचा बोळा लाखेच्या तबकडीला चुकूनही लावू नये. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि एका पुसण्यात गाणे जाते.

हे काम आताच हाती घेण्याची निकड दोन कारणांनी आली आहे. पहिले, जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास. घर रिकामे करायला मोजकेच दिवस मिळतात, भाड्याच्या जागेत कपाट मावत नाही आणि कॅसेटचे खोके भंगारवाल्याकडे जाते. दुसरे, फितींचे वय. साठ-सत्तरच्या दशकांतल्या फिती आता वाजवण्याजोग्या स्थितीत मोजक्याच वेळा मिळतील, आणि त्या वाजवणारी यंत्रे दुरुस्त करणारे हातही कमी होत आहेत. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले तेव्हा खरेदीचा एक काळ संपला. आता उरले आहे ते सांभाळणे. महाजालावर सगळे मिळते हा समज अपुरा आहे. तिथे असलेले बरेचसे गाणे कोणाच्या तरी कॅसेटवरूनच गेलेले असते, आणि जाताना साथीदार, तारीख आणि ठिकाण मागे राहिलेले असते.

फितीचे अंकीय रूपांतर करताना आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेचा निकष पाळणे घरीही शक्य आहे. किमान ४८ किलोहर्ट्झ, शक्य तर ९६, आणि २४ बिट. मूळ प्रत न दाबता, न ‘स्वच्छ’ करता ठेवावी. ऐकण्याची हलकी प्रत वेगळी काढावी. खरखर कमी करण्याच्या हौसेत तानपुऱ्याचे वरचे सूर कापले जातात आणि ते परत मिळत नाहीत. हक्कांची जाणीवही हवी. भारतीय कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो, कलावंताचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षे. खाजगी मैफलीची फीत हाती आहे म्हणून ती सर्वांसाठी खुली करण्याची मुभा मिळत नाही. कलावंताला किंवा त्याच्या घरच्यांना विचारणे हे कायद्याइतकेच संगीताच्या परंपरेलाही धरून आहे. गुडगावचे १९८२ पासूनचे एथ्नोम्युझिकॉलॉजी अभिलेखागार किंवा मुंबईचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र यांसारख्या संस्थांनी अशा कामाच्या पद्धती घालून दिल्या आहेत. त्या घरगुती आकाराला कशा आणाव्यात, हे या पुस्तकाचे एक उद्दिष्ट आहे.

दुर्मीळ तबकड्यांचे भाव किंवा सर्वश्रेष्ठ शंभर ध्वनिमुद्रिका इथे सापडणार नाहीत. ज्यांच्याकडे आईवडिलांची तीनशे कॅसेट आहेत आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. तसेच ज्यांना संगीताचा इतिहास ध्वनिमुद्रणांच्या आधारे अभ्यासायचा आहे त्यांच्यासाठीही. इतिहास, ओळख पटवणे, नोंद, जपणूक आणि सूची या क्रमाने ते जाते, पण भर सतत नोंदीवर आहे. यंत्र उद्याही मिळेल. कार्डावरचे अक्षर ओळखणारा, त्या रात्री पेटीवर कोण होते हे सांगू शकणारा माणूस उद्या असेलच असे नाही. त्यामुळे वाचकाला विनंती एवढीच आहे की अंकीय रूपांतराच्या आधी घरातल्या ज्येष्ठांसमोर एक कॅसेट लावावी, वही उघडावी आणि ते जे सांगतील ते तारखेसह लिहून घ्यावे. त्यासाठीचे कोरे नोंदपत्रक शेवटच्या पानावर दिले आहे.